गोल घुमटात कोणता सूर लावावा?

सोलापूरहून विजापूर साधारण 100 किलोमीटर. गोल घुमट बघून आलेला जो तो एकच सांगतो, टाळी वाजवली की सात वेळा ऐकू येते. येते, खोटं नाही. पण मला विचाराल तर टाळी वाया घालवू नका. तिथे षड्ज, म्हणजे सा, लावून बघा, हळू आवाजात. शेवटी ती कबर आहे.

त्यासाठी दार उघडल्या उघडल्या आत शिरायचं. सहलीच्या बस लागल्या की वर नुसता कालवा, मग काही कळत नाही. कोपऱ्यातल्या मनोऱ्यात जिना आहे. सात मजले, अरुंद वाट, उंच पायऱ्या. गच्चीवर निघालं की तिथल्या दारातून घुमटाच्या आतल्या सज्ज्यावर जाता येतं. सज्जा सुमारे 11 फूट रुंद आणि खालच्या जमिनीपासून शंभरावर फूट उंच. गेल्या गेल्या काही करू नका, आधी दम खाऊ द्या. तुमची धापसुद्धा समोरच्याला ऐकू जाते.

आधी कुजबूज. दोघांनी समोरासमोर भिंतीला टेकून बसायचं. बहुतेक जण इथेच चुकतात, मधल्या पोकळीकडे तोंड करून बोलतात. तोंड भिंतीजवळ, वीतभर अंतरावर, आणि भिंतीच्या कडेकडेने वळवायचं. आवाज गोल भिंतीला धरून सरपटत जातो. घोगऱ्या, भरदार आवाजापेक्षा कुजबूज चांगली पोचते, कारण ‘स’, ‘श’सारखे बारीक आवाज भिंत सोडत नाहीत, जाड आवाज पसरून जातो. सी. व्ही. रामन यांनी 1920च्या दशकाच्या सुरुवातीला अशा कुजबुजत्या सज्ज्यांचा अभ्यास केला, त्यात हा घुमटही होता.

आता सूर. घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर. म्हणजे आवाज समोर जाऊन परत यायला 0.22 सेकंद लागतात. गुळगुळीत चुन्याचा गिलावा, कुठे पडदा नाही, गालिचा नाही. आवाज गिळायला काहीच नाही, म्हणून तो फिरतच राहतो. सेकंदाला आठ सुरांची तान घेतली, तर पहिला सूर परत येईपर्यंत तुम्ही दुसऱ्यावर नाहीतर तिसऱ्यावर असता. तानेचा नुसता लगदा होतो. तबल्याच्या द्रुत बोलांचंही तेच होणार.

उलट मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, सा लांब धरा, थांबा, मग प लावा. सा अजून हवेत असतो, त्याच्यावर प बसतो. आपणच आपला तानपुरा! पण साच्या मागोमाग कोमल रे घेतला की दोन्ही सूर एकमेकांवर घासतात, कानाला ओरखडा येतो. म्हणून इथे कोमल रे असलेल्या भैरव रागापेक्षा भूप बरा: कुठलेच दोन सूर चिकटून नाहीत. लय अतिविलंबित, मात्रेला चार सेकंद तरी. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, जपून, तिचा वाटेतला प्रत्येक थांबा मागे रेंगाळतो.

आपलं ख्यालगायन अशा जागेत वाढलंच नाही, हे इथे चटकन लक्षात येतं. मुरक्या, हरकती, बोलतान हे सगळं बैठकीचं: खाली गाद्या, लोड, जाजम, समोर माणसं. कापड आणि माणसं मिळून घुमारा पितात, आणि म्हणून बारीक कण सुटा ऐकू येतो. हा घुमट ज्याची कबर आहे त्या मोहम्मद आदिलशाहाचा बाप, दुसरा इब्राहिम, स्वतः रागांत दखनी पदं रचणारा. त्याच्या तंबोऱ्याचं नाव मोतीखान. पण तो 1627 साली गेला आणि घुमट झाला 1656 च्या सुमारास. मोतीखान इथे वाजला नाही. वाजला असता तर जवारी, म्हणजे तारेची झणझण, कुठे संपते आणि घुमारा कुठे सुरू होतो, कळलं नसतं.

उतरलात की समोरच्या नगारखान्यापाशी थांबा. आता तिथे संग्रहालय आहे, तेही बघा, पण आधी बाहेर मोकळ्यावर उभं राहून तोच सा लावा. ओठांपाशीच संपतो, परत काही येत नाही. उघड्यावर भिंतीची मदत नसते, म्हणून तिथे नगारा आणि सनई लागते: एकाचा दणका, दुसरीची धार. तीच सनई घुमटात नेली तर पाच मिनिटांत कानावर हात जातील.