शेडातली लाईट

कपडे वाळत घालताना हिला झिणझिण्या आल्या आणि माझी आठ वर्षांची काटकसर उघडी पडली.

घरामागं सव्वाशे फुटांवर आमचं पत्र्याचं शेड. गाडी, जुनी राजदूत आणि माझी वेल्डिंग मशीन तिथंच. लाईट नेली होती ती अडीच एमएमची साधी वायर लिंबाच्या फांदीवरून ओढून. फांदी हलायची, वायर पत्र्याच्या काठावर घासायची. कपड्यांची तार बांधलेली शेडाच्याच अँगलला. पत्र्याला टेस्टर लावला तर टेस्टर पेटतोय! त्याच दिवशी वायर काढून फेकली.

जमिनीखालून केबल न्यायला वायरमननं 25 हजारांचा अंदाज सांगितला. "एवढ्यात तर नवा मीटर येईल की," मी म्हणालो. "मग दर महिन्याला स्थिर आकार भरत बसा काका, बल्ब लावा नायतर न लावा," तो म्हणाला. विषय संपला.

केबल घेतली 10 एमएमची, दोन कोरची, ॲल्युमिनियमची आर्मर्ड, म्हणजे वरून लोखंडी कवच असलेली. मीटरला 140 रुपये, 45 मीटर, म्हणजे 6,300. तांब्याचा भाव विचारून गप बसलो. वेल्डिंगला 20 अँपिअर धरले तर या केबलमध्ये साडेपाच व्होल्ट वाटेतच कमी होतात. जुन्या वायरीत 13 कमी व्हायचे. उन्हाळ्यात आमच्याकडं मुळातच 200 व्होल्ट मुश्किलीनं येतात, त्यातून 13 गेले की रॉड नुसता चिकटून बसायचा. मी मात्र इतकी वर्षं दुकानदाराच्या रॉडला शिव्या घालत होतो.

खरा खर्च खाल्ला तो मातीनं. लातूरची काळी माती, त्यात मे महिना. टिकाव मारला की दगडावर मारल्यासारखा वाजायचा. आदल्या रात्री चरावर पाणी शिंपडून ठेवायचं आणि सकाळी खणायचं, असं करत दोन गड्यांनी अडीच फूट खोल चर तीन दिवसांत काढला. 4,200 रुपये. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, म्हणून केबल ताणून टाकायची नाही, नागमोडी सोडायची. खाली-वर वाळू, त्यावर विटा, म्हणजे पुढं कुणाचं फावडं आधी विटेवर बसेल. त्याचे 2,400.

शेडाची अर्थिंग वेगळी केली. पाइप, मीठ, कोळसा आणि खड्डा धरून 3,100. म्हणजे केबलच्या दीडपट पैसे जमिनीत! पेटीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच खटका पाडणारा, आणि तीन एमसीबी, 3,800. आतली पाइप-वायरिंग आणि मजुरी 5,500. एकूण 25,300. अंदाज 300 रुपयांनी चुकला, ते तेवढे त्यानं चहापाण्याचे म्हणून घेतलेच.

आरसीसीबीचं बटण दाबून खटका पडलेला हिला दाखवला. "आठ वर्षांपूर्वी नव्हतं का मिळत हे?" तिनं विचारलं. मी पेटीचं झाकण लावलं.

आता एकच कटकट राहिलीय. माती वाळली की अर्थिंग कमजोर पडते, म्हणून खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं लागतं. आमच्याकडं नळ येतो आठवड्यातून एकदा. परवा बादली उचलली तर ही दारात उभी. शेवटी बेसिनचा पाइप वळवून त्या खड्ड्यात सोडला. आता घरात कुणीही तोंड धुतलं की अर्थिंगला पाणी मिळतं.