दुसरा मार्ग नव्हता का?

अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ ही कादंबरी काल रात्री वाचून संपली, पण मन अजून त्यातल्या घरामागच्या लाकडांच्या खोपीपाशीच अडकून आहे. गुलामीतून सुटून, गुलामी नसलेल्या ओहायो राज्यात आलेल्या सेथला मोकळा श्वास घ्यायला जेमतेम अठ्ठावीस दिवस मिळतात. मग पकडायला आलेली माणसे दारात दिसताच लेकरांना पुन्हा त्या नरकात जाऊ द्यायचे नाही म्हणून ती त्या खोपीत आपल्या रांगत्या मुलीचा गळा चिरते. ते वाचताना माझ्या तोंडून आपसूक निघाले, “दुसरा मार्ग नव्हता का हिला?”

वन्संनी मला विचारले होते, ते याच शब्दांत. बाळ गमावून दवाखान्यातून घरी आल्याला चार दिवस झाले होते. “रजा घेऊन घरी बसायचं. दुसरा मार्ग नव्हता का तुला?” त्या वाक्याने मी सात वर्षे कुढत आले, रात्र रात्र त्याला उत्तरे रचली, एकही कधी दिले नाही. आणि आता तेच वाक्य मी एका आईला ऐकवले.

मॉरिसन यांना ही कथा सुचली ती मार्गारेट गार्नर या खऱ्या आईवरून. १८५६ साली तिने मुलीला मारले, तेव्हा तिच्यावर खुनाचा खटला चालवायचा की पळालेली मालमत्ता म्हणून तिला मालकाच्या हवाली करायचे, यावर वाद झाला. शेवटी तिला परत पाठवले. बाळ मात्र त्या वादात कुठेच नव्हते. माझ्याही बाळाविषयी कुणी काही विचारले नाही, सगळे माझ्याच चुका मोजत राहिले. त्याला नाव ठेवायचे राहून गेले, ते असो.

सेथच्या शेजारणींनी तिला अठरा वर्षे वाळीत टाकल्यासारखे ठेवले होते. त्यांतलीच एला अखेरीस तीस बायकांना घेऊन तिच्या मदतीला दारी येते. अत्याचारातून झालेल्या आपल्या बाळाला एलाने स्वतः दूध पाजायचे नाकारलेले असते आणि ते पाचच दिवस जगलेले असते. हे वाचले आणि मला एकदम वन्सं आठवल्या. त्यांच्या पहिल्या बाळाविषयी आमच्या घरात कुणी बोलत नाही. मीही कधी विचारलेले नाही. माझ्या उशाशी बसून त्या तो प्रश्न नेमका कुणाला विचारत होत्या, हे मी इतक्या वर्षांत एकदाही मनात आणले नाही. दुखायचे ते दुखतेच आहे, पण आज त्यांचा राग येत नाही.

रविवारी त्या येणार आहेत. जेवणे आटोपली की त्यांच्याजवळ बसून त्यांच्या पहिल्या बाळाचे नाव काय ठेवणार होता, एवढे विचारीन म्हणते.