रात्रीचं बोफिशिंग, इलिनॉय नदी: पाण्याखालचे लाइट बसवले, आतापर्यंतचं अपडेट

मंडळी, मागे म्हटलं होतं बोफिशिंगसाठी, म्हणजे बोटीवरून धनुष्यबाणाने मासे मारायला, पाण्याखालचे लाइट लावून बघतो, तर लावले एकदाचे, जून त्यातच गेला. आधी एक क्लिअर करतो कारण जो भेटतो तो हेच विचारतो, हिरवे लाइट लावले की मासे जमतात का? जमतात ना, पण ते धक्क्यावर एका जागी गळ टाकून बसणाऱ्यांसाठी. उजेडाला आधी प्लँक्टन (पाण्यातले बारीक जीव) येतं, त्यामागे बारकी मासळी, मग मोठे, आणि ह्याला बराच वेळ लागतो. आपली बोट सतत सरकत असते, मासा बोलवायचा नाहीये, दिसला पाहिजे बस.

आणि दिसण्याचेच तर इथे वांधे आहेत. अमेरिकेतल्या पिओरिया शहराजवळ नदी कायम गढूळ, बाजूची बॅकवॉटर्स तर गाळाने इतकी भरलीत की कुठे कुठे गुडघाभर पाणी. अशा पाण्यात लाइट सरळ आपल्या पायाखाली लावला तर आंबोली घाटात धुक्यात हाय बीम मारल्यासारखं होतं, समोर नुसता पांढरा पडदा, कारण गाळाचे कण उजेड परत आपल्याच डोळ्यात फेकतात. म्हणून मी जॉन बोटीच्या (सपाट तळाची छोटी बोट) पुढच्या कोपऱ्यांवर बिजागरीचे ब्रॅकेट करून लाइट दोन्हीकडे बाहेर काढलेत, पाण्याखाली साधारण आठ इंच, तोंड पुढे आणि किंचित आत. मासा बाजूने उजळतो, आपल्या नजरेच्या रेषेत उजेड कमी येतो, फरक लगेच कळतो. बिजागरी हवीच, पाण्यातल्या झाडाच्या बुंध्याला आपटलं की ब्रॅकेटची दांडी मागे वळते, तुटत नाही.

रंगाचं म्हणाल तर माझं मत पक्कं झालंय, ह्या नदीत वॉर्म, म्हणजे पिवळसर, 3000 केल्विनच्या आसपासचा. कूल व्हाइटमध्ये निळा भाग जास्त, तो गढूळ पाण्यात विखुरतो पण आणि शोषला पण जातो. स्वच्छ तळ्यात कूल व्हाइट मस्तच, तिथे माझं ऐकू नका. हिरवा लांबवर जातो पण त्यात माशाचं अंग आणि शेवाळ एकाच रंगाचं दिसतं. शिवाय ह्या नदीत मोठे मालवाहू बार्ज चालतात, पुढे हिरवा उजेड असला की समोरच्याला तो नेव्हिगेशन लाइट वाटू शकतो, आणि तसं वाटेल असे लाइट लावायला नियमात परवानगीच नाही.

मोठा फायदा म्हणजे पृष्ठभागावरची चमक गेली. वारा असला की डेकवरच्या लाइटने लाटांवर नुसतं चकचक व्हायचं, आता पाण्याच्या आतलं दिसतं. पण एक गंमत आहे, वरून उजेड असताना माशाची सावली तळाच्या गाळावर पडायची आणि त्यावरून खोलीचा अंदाज यायचा, ती सावली आता नाही. मासा इतका लख्ख दिसतो की सरळ त्याच्यावरच नेम धरावासा वाटतो आणि बाण वरून जातो. उजेड कुठूनही येवो, रिफ्रॅक्शन, म्हणजे पाण्यातून बाहेर येताना उजेड वाकणं, तेवढंच राहणार, सरळ खाली बघितलं तरी चार फुटांवरचा मासा तीनवर दिसतो, तिरकं बघितलं की अजून वर. नवीन लोकांसाठी तोच जुना हिशोब: मासा 10 फुटांवर आणि एक फूट खोल असेल तर 4 इंच खाली मारा, अंतर किंवा खोली दुप्पट झाली की तेही दुप्पट.

करंटचं थोडक्यात. पाण्याखाली 30 वॅटचे चार, म्हणजे 12 व्होल्टवर 10 अँपिअर. डेकवरचे 50 वॅटचे सहा पण लावले तर अजून 25, मग 100 अँपिअर-अवरची लिथियम तीन तासही धड पुरत नाही. फक्त खालचे ठेवले तर रात्र निघते आणि जनरेटरची घरघर पण नाही. पाण्याखालचे लाइट पाण्यानेच थंड राहतात, दांडी वर घेतली की आधी स्विच बंद करायचा, नाहीतर तापून जातात. आणि जुलैत मेफ्लाय (नदीतून थव्याने निघणारे पंखवाले किडे) निघाल्या की कळेल खालच्या लाइटचं सुख, डेकवरच्या लाइटला त्या इतक्या येतात की रीलमध्ये, कॉलरमध्ये, कॉफीत, सगळीकडे पंखच पंख आणि पायाखाली चिकट थर.

मारतोय मुख्यतः सिल्व्हर कार्प, आपल्याकडे तळ्यात सोडतात तोच चंदेरा, इथे मात्र उपद्रवी ठरलाय. 2022 पासून इलिनॉयवाले ह्या कार्पना कोपी नावाने विकायला बघतायत. काटे भरपूर, पण रोहू खाऊन वाढलेल्याला काय त्याचं, आमच्याकडे कोकम घालून कालवण होतं. जिवंत न्यायचा नाही, कायद्याने बंदी आहे. बफेलो नावाचा इथला मासा दिसला तर मी त्याला मारत नाही, बिगमाउथ बफेलो शंभरी ओलांडतो हे 2019 च्या अभ्यासात निघालंय, असा मासा मारून बांधावर टाकायचा हे मला पटत नाही. आणि गावाकडच्या मित्रांनो, हे वाचून कोकणात समुद्रावर एलईडी घेऊन निघू नका, एलईडी लावून मासेमारीला तिकडे 2017 पासून बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

आता डिमर लावायचाय, कारण उथळ पाण्यात फुल पॉवर जास्तच होते. 12 व्होल्ट 10 अँपिअरचा, ओल सहन करणारा कोणी वापरला असेल तर सांगा, माझ्याकडे आहे तो लाइट कमी केला की फिशफाइंडरवर (मासे दाखवणाऱ्या सोनार स्क्रीनवर) रेघोट्या मारतो.