आमची वाटचाल: ‘कधी होतं, कधी होत नाही’

आम्ही दोघा भावांनी गॅरेज सुरू केलं, तेव्हा फक्त जुन्या गाड्याच घ्यायच्या एवढं ठरलं होतं. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक ही कामं हाताखालची होती; इलेक्ट्रिकचं काम मात्र आम्ही टाळायचो. आज येणाऱ्या बहुतेक गाड्या त्याच कामासाठी येतात, आणि तक्रार ठरलेली: ‘कधी होतं, कधी होत नाही.’

हे वळण एका गाडीमुळे आलं. चार सिलिंडरची, मालकांनी जिवापाड जपलेली. ॲक्सिलरेटर दाबला की धक्के खायची, कधी बंदच पडायची, आणि दोन मिनिटांनी पुन्हा सुरू व्हायची. आम्ही ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे नवे पॉइंट बसवून त्यांची गॅप ०.४ मिमी ठेवली. दर वेळी गाडी ठणठणीत गेली आणि आठवड्यात परत आली. तिसऱ्या खेपेला मालक चिडले नाहीत. "चार दिवस तुमच्याकडेच राहू द्या," एवढंच म्हणाले. ते फार लागलं.

मग डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे पॉइंट ज्यात असतात आणि जो प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटतो त्या भागाची, कॅप काढली. पॉइंट पूर्ण मिटतील असं इंजिन फिरवून ठेवलं, डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलवरची कॉइलकडची वायर सोडवली आणि बॅटरीच्या प्लसवरून टेस्ट लॅम्प त्या टर्मिनलला लावला. लॅम्प पेटला. इंजिनाच्या ओढीने ठिणगीची वेळ पुढे आणणाऱ्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या नळीतली हवा तोंडाने ओढली, पॉइंट बसवलेली आतली प्लेट जराशी फिरली आणि लॅम्प विझला. नळी सोडली की पुन्हा पेटला! टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत बोटभर लांबीची वायर होती. वरचं आवरण शाबूत, पण सतत वाकून वाकून आतलं तांबं तुटलेलं. इंजिन आयडलवर असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकायची, वेग घेताना प्लेट फिरली की सुटायची. बदललेल्या तिन्ही पार्टांत काहीच खोट नव्हती.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: दोष डोळ्यांसमोर घडल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही. त्यामुळे बोनेट उघडण्याआधी मालकांशी बोलणं होतं. गाडी तापल्यावर होतं का? पावसात? खड्ड्यात आपटल्यावर? हेडलाइट लावल्यावर? तापल्यावर म्हणाले तर आधी कॉइल आणि सैल जोड, ओलीत म्हणाले तर कॅप आणि प्लगच्या वायरी.

मल्टीमीटरवर विसंबून आम्ही बरेच दिवस फसलो. वायरीची एकच तार जेमतेम टेकलेली असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. त्याच वायरीवर २१ वॉटचा बल्ब लावा. त्याला पावणेदोन अँपिअर लागतात, तो लगेच मंदावतो. म्हणून आम्ही लोड चालू ठेवूनच तपासतो, आणि एखाद्या जोडावर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली की तो जोड उघडतो. आत बहुधा हिरवा कळंक असतो.

अर्थिंगकडे, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे जाणाऱ्या करंटच्या परतीच्या वाटेकडे, तर सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. एका गाडीत स्टार्टर मारला की थंड इंजिन सुरू करताना ओढायची चोकची केबल चटका बसेल इतकी तापायची. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी तुटली होती आणि स्टार्टरच्या करंटने त्या बारीक केबलमधून परतीची वाट काढली होती. तिथे आग लागू शकते. आता गाडी कशासाठीही आलेली असो, ती पट्टी आम्ही पाहतोच. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत तर बॉडीला मायनसऐवजी प्लस जोडलेलं असतं, तेही आधीच बघून घेतो.

आता आम्ही पाच जण आहोत. वायरिंग नव्याने बांधणारी आमची सहकारी मूळ रंगसंगती सोडत नाही, कारण पुढचा मेकॅनिक त्याच रंगांवरून वायर शोधणार असतो. बिलात पार्ट थोडे आणि शोधण्याचे तास जास्त असतात, हे गाडी ठेवून घेण्याआधीच सांगतो. काहींना ते पटत नाही, ते गाडी परत नेतात. तरी अंदाजाने पार्ट टाकत बसणं आता आमच्याच्याने होत नाही.

सध्या शेडमध्ये एक गाडी नऊ दिवसांपासून उभी आहे. डावा हेडलाइट फक्त पहाटे गारठ्यात जातो. म्हणून उद्या दोघं पाच वाजताच येणार आहोत.