साफ केलेला कार्बोरेटर आणि झिजलेला कार्बोरेटर

आमच्या घरी 1992 सालची यामाहा आरएक्स 100 आहे. वडिलांनी ती घेतली तेव्हा मी शाळेत होतो. आता अमळनेरहून धुळ्याला जाण्यायेण्यासाठी ती मीच वापरतो. गेल्या एप्रिलपासून तिने एक विचित्र खोड धरली होती. सकाळी दुसऱ्या किकला ती सुरू होई आणि धुळ्यापर्यंत तक्रारीला जागा नसे. दुपारी परतताना मात्र अर्ध्या रेसवर इंजिन जड होई, सायलेन्सरमधून फडफड ऐकू येई आणि फाटकापाशी थांबलो की स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन चालण्याचा वेग, कधी उगाच चढे, तर कधी गाडी बंदच पडे. लिटरला अडतीस किलोमीटर देणारी गाडी पंचविसावर आली होती आणि दर पंधरवड्याला प्लग काळा, ओलसर निघत होता.

ज्या गॅरेजमध्ये ती दाखवली, तिथे महिनाभरात तीनदा कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करून इंजिनाला देणारा भाग, साफ करण्यात आला. गाडी तापल्यावरच बिघडते, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल गरम होऊन दगा देते, असा निष्कर्ष काढून कॉइलही बदलण्यात आली. फरक पडला नाही. तर्क अगदीच चुकीचा नव्हता, पण दुपारीच बिघडण्याचे दुसरे एक साधे कारण आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो आणि तापलेली हवा विरळ असते. कार्बोरेटर आधीच पेट्रोल जास्त सोडत असेल, तर त्या विरळ हवेत मिश्रण आणखी जड, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी असे, होते. सकाळी थंड इंजिनला तसेही जड मिश्रण लागते, म्हणून तेव्हा दोष झाकला जातो.

शेवटी एका रविवारी मी स्वतःच बसलो. आधी ॲक्सिलरेटरच्या मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर पांढऱ्या चिकटपट्टीने पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा केल्या. कार्बोरेटरचा प्रत्येक भाग आपापल्या टप्प्यावरच बोलतो: मूठ मिटलेली असताना पायलट जेट (पेट्रोलचे बारीक भोक) आणि हवा कमी-जास्त करणारा एअर स्क्रू, त्यानंतर थोडा वेळ मुठीबरोबर वरखाली होणाऱ्या स्लाइडचा खालचा तिरपा काप, पावपासून पाऊणपर्यंत स्लाइडला लटकलेली सुई, म्हणजे निडल, आणि ती ज्या भोकात वरखाली होते तो निडल जेट, तर पूर्ण रेसला मेन जेट. फागण्याकडच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी नेऊन एकेका खुणेवर धरून पाहिली. पूर्ण रेसला ती स्वच्छ पळत होती. पाव ते अर्ध्यादरम्यान मात्र टू-स्ट्रोक इंजिन फोर-स्ट्रोकसारखे, एक आड एक फेरीला पेटत होते. मिश्रण इतके जड होते की एका फेरीत ते पेटतच नसे. म्हणजे मेन जेट आणि एअर फिल्टर यांच्यावरचा संशय तिथेच संपला.

स्लो मात्र वेगळेच सांगत होता. रेस सोडल्यावर इंजिन दोन-तीन सेकंद चढेच राहून मग उतरे, आणि हे हलक्या मिश्रणाचे, कुठूनतरी चोरून शिरणाऱ्या हवेचे लक्षण आहे. इंजिनाकडच्या रबरी जोडाला भेग असेल, असे वाटून त्यावर पिचकारीने पाणी उडवले. आवाजात बदल झाला नाही. मॅग्नेटोकडचे (इंजिनाला जोडलेल्या, वीज तयार करणाऱ्या भागाकडचे) ऑइल सील गेले तरी असेच होते, पण ते गेल्याच वर्षी बदलले होते. मिस्तरीने एअर स्क्रू केवळ अर्धा फेरा उघडा ठेवलेला होता, तो एरवी दीड फेऱ्याच्या आसपास असतो. शिरणाऱ्या हवेची भरपाई करण्यासाठी त्यांनी तो आवळत नेला असणार.

एकाच कार्बोरेटरमध्ये एका टप्प्याला पेट्रोल जास्त आणि दुसऱ्याला हवा जास्त, हे कचऱ्याने सहसा होत नाही. कचरा भोक बुजवतो. मोठे करत नाही.

कार्बोरेटर उतरवून स्लाइड हातात घेतली तेव्हा इंजिनाकडच्या बाजूला दोन उभे पट्टे अंगठ्याच्या नखाला स्पष्ट लागत होते. इंजिनाची ओढ स्लाइडला सतत त्याच भिंतीवर दाबत असल्यामुळे ती तिथेच घासते आणि समोरची भिंतही झिजवते. स्प्रिंग न लावता ती परत आत सोडून हलवली, तर टकटक वाजली. चोरून शिरणारी हवा याच सैल फटीतून येत होती. निडल जेट पाहण्यासाठी शेजारच्या घड्याळवाल्या आप्पांचे डोळ्याला लावायचे भिंग मागून आणले. त्यांनीच आधी पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, हे भोक गोल कुठे राहिलंय?" खरोखरच ते किंचित लांबट झाले होते, कारण तीस वर्षे निडल त्याच एका कडेवर थरथरत होती. निडलवरही मधल्या भागात, म्हणजे मी रोज ज्या वेगाने जातो त्याच टप्प्यावर, मळकट कडे उमटले होते.

निडलची क्लिप वरच्या खाचेत बसवून निडल खाली घेण्याचा उपाय करून पाहिला. फडफड कमी झाली, पण तीन-चतुर्थांश रेसला इंजिन कोरडे, म्हणजे पेट्रोल कमी पडून, पळू लागले. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण हलके ठेवून भर उन्हात पळवणे म्हणजे पिस्टन जाम होण्याला आमंत्रण आहे, म्हणून तो नाद सोडला.

पहिल्यांदा जे स्वस्त किट आणले, त्यातली नवी निडल नव्या जेटमध्येही सैल हलत होती. ते परत केले. मग धुळ्याहून चांगल्या प्रतीची निडल आणि जेट जोडीने मागवली. ही दोन्ही सोबतच बदलावी लागतात, कारण झिजलेल्या भोकात नवी निडल घातली तरी पेट्रोल तितकेच सुटते. चोकच्या दट्ट्याचे रबर कडक झाले होते, तेही बदलले. फडफड त्याच दिवशी गेली आणि पुढच्या टाकीला ॲव्हरेज छत्तीस निघाला.

स्लाइड नवी घातली आहे, पण बॉडीची भिंत जुनीच असल्यामुळे खेळ, म्हणजे सैलपणा, निम्माच कमी झाला. रेस सोडल्यावर स्लो अजूनही क्षणभर रेंगाळतो. एअर स्क्रू सव्वा फेऱ्यावर आहे आणि कमी झिजलेली जुनी बॉडी मिळते का, हे मी धुळ्याच्या भंगारवाल्यांकडे पाहत आहे.