शत्रूच्या कबरींची निगा

आज दिवसभर डोक्यात पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाचं कलम २२५ घोळत होतं. नुकसानभरपाई आणि सीमांच्या गदारोळात हे एक साधंसं कलम: आपल्या हद्दीत पुरलेल्या सैनिकांच्या कबरींचा मान राखायचा, निगा करायची. मग ते कुणाचेही असोत. आता, ज्याचं अख्खं गाव जर्मन तोफांनी भुईसपाट केलं, त्या फ्रेंच माणसाला हे सांगून बघा!

खरं तर हा रोखठोक व्यवहार होता. जर्मनांचे मेलेले फ्रान्स-बेल्जियममध्ये, ब्रिटिशांचे जर्मनीत. बर्लिनजवळ त्सेरेन्सडॉर्फला तर कैदेत वारलेले हिंदुस्थानी सैनिकही आहेत. तुम्ही आमचे सांभाळा, आम्ही तुमचे. मला यात काही गैर वाटत नाही. नुसत्या कळवळ्यावर इतकी वर्षं कुणी गवत कापत नाही.

पण दोघांची पत सारखी नव्हती. जमीन जेत्याची, कुठल्या कबरी हलवायच्या हेही तोच ठरवणार, आणि जर्मनीची तिजोरी रिकामी. म्हणून डिसेंबर १९१९ मध्ये जर्मन सैनिकांच्या कबरी सांभाळणारी 'फोल्क्सबुंड' ही खासगी संस्था उभी राहिली, लोकांच्या वर्गणीवर. फ्रान्समधल्या नव्हील-सेंट-वास्तला ४४ हजारांहून जास्त जर्मन आहेत. तिथे पूर्वी लाकडी क्रॉस होते, कुजू नयेत म्हणून डांबर फासलेले, काळेकुट्ट. शेजारच्या ब्रिटिश दफनभूमीत पांढरे दगड आणि फुलझाडं. आज तिथे धातूचे क्रॉस आहेत, आणि मधेच एखादा उभा दगड दिसतो: तो ज्यू जर्मन सैनिकाचा. कैसरसाठी, म्हणजे जर्मन सम्राटासाठी मेलेला ज्यू. त्याच्या घरच्यांचं पुढे काय झालं असेल, हा विचार मी फार वेळ करू शकलो नाही.

कारण वर्गणीच्या पैशाबरोबर राजकारणही आलं. १९३२ मध्ये बेल्जियममधल्या लांगेमार्कच्या जर्मन दफनभूमीचं उद्घाटन झालं. पुढच्याच वर्षी फोल्क्सबुंड नाझींच्या वळचणीला गेली, तीही फारसे आढेवेढे न घेता. १९३४ मध्ये जर्मनीत युद्धात मेलेल्यांच्या शोकदिनाचा 'वीरस्मृतिदिन' झाला. १९३६ मध्ये युगोस्लाव्हियातल्या बितोलाला, म्हणजे कालच्या शत्रूच्याच भूमीवर, जर्मन कबरींभोवती किल्ल्यासारखी गोल तटबंदी उभी राहिली. कबरींना तट कशाला हवा?

दुसऱ्या महायुद्धात, जून १९४० मध्ये, हिटलर लांगेमार्कला जाऊन आला. तोवर कबरी सांभाळणाऱ्या ब्रिटिश आयोगाचे फ्रान्समधले कितीतरी माळी इंग्लंडला पळाले होते. मागे राहिलेल्यांपैकी काहींना जर्मनांनी छावण्यांत स्थानबद्ध केलं. आता ब्रिटिशांच्या कबरी जर्मनांच्या ताब्यात होत्या.