‘बदल’ या शब्दाने घातलेला घोळ

रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना संगणकाची प्राथमिक ओळख करून देण्याचे काम मी करते. त्या दिवशी वर्ग संपल्यावर एक ज्येष्ठ परिचारिका मागेच थांबल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना नव्या परिचारिकांसमोर हातांच्या स्वच्छतेविषयी बोलायचे होते आणि त्यासाठी पॉवरपॉइंट या प्रोग्राममध्ये आयुष्यातले पहिले प्रेझेंटेशन त्या स्वतःच्या हाताने तयार करत होत्या. साबणाने हात धुवायला ४० ते ६० सेकंद, हँडरबने, म्हणजे पाण्याविना हात निर्जंतुक करणाऱ्या द्रवाने, चोळायला २० ते ३० सेकंद, मग तळव्यावर तळवा, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोके अशी एकेका पायरीला एकेक स्लाइड होती. एका बोटाने अक्षर शोधत त्यांनी सव्वातीन तासांत २१ स्लाइड पूर्ण केल्या, एफ५ दाबून स्लाइड शो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, आणि मी शेजारच्या खोलीत असताना वरच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून विंडो बंद केली.

पाच मिनिटांनी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “मॅडम, माझी फाइल कुठे ठेवली आहे ते दाखवता का? मला पेन ड्राइव्हवर घ्यायची आहे.”

अलीकडे उघडलेल्या फाइलींच्या यादीत ती नव्हती, डॉक्युमेंट्समध्ये नव्हती आणि डेस्कटॉपवरही नव्हती. बंद करताना स्क्रीनवर काही आले होते का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी सगळे जसेच्या तसे सांगितले. प्रेझेंटेशन१ मध्ये केलेले बदल सेव्ह करायचे आहेत का, असे विचारणारी एक चौकट आली होती आणि तिच्यात ‘सेव्ह’, ‘डोन्ट सेव्ह’ आणि ‘कॅन्सल’ अशी तीन बटणे होती. त्यांनी मधले दाबले होते.

“का दाबलंत?”

“बदल मी काही केलेच नव्हते ना, मॅडम. पहिल्यापासून जसं हवं तसंच केलं होतं. म्हणून म्हटलं, नको.”

हे उत्तर मी अजून विसरलेले नाही, कारण त्यांच्या वाचण्यात काहीही चूक नव्हती. रोजच्या भाषेत आधीपासून असलेल्या गोष्टीत आपण फेरफार करतो तेव्हा त्याला बदल म्हणतो. कोऱ्या पाटीवर नवे काही लिहिणे म्हणजे बदल, असे कोण म्हणेल? पण पॉवरपॉइंटच्या लेखी फाइल डिस्कवर एकदाही उतरलेली नसेल, तर त्या कोऱ्या प्रेझेंटेशनमध्ये आल्यापासून टाकलेले प्रत्येक अक्षर म्हणजे बदलच असतो. खिडकीच्या माथ्यावर ‘प्रेझेंटेशन१’ हे नाव सव्वातीन तास तसेच होते, आणि या कामाला अजून नाव मिळालेले नाही, म्हणजेच ते कुठेही ठेवलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. स्क्रीनवर दिसणारे सगळे तेव्हा केवळ संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत होते. सेव्ह कसे करायचे ते मी वर्गात शिकवले होते, पण ही खूण ओळखायला मात्र शिकवले नव्हते.

त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना खुर्चीवर बसवले आणि संगणक बंद करू नका, लॉग ऑफही करू नका, एवढे आधी सांगितले. पॉवरपॉइंट दर १० मिनिटांनी ऑटोरिकव्हरसाठी एक प्रत आपणहून बाजूला ठेवतो. हा काळ सेटिंगमध्ये कमीजास्त करता येतो, आणि सेव्ह न करता बंद केले तरी शेवटची प्रत राखून ठेवण्याचा पर्यायही तिथेच असतो. आमच्या संगणकावर तो सुरू होता, हे नशीबच म्हणायचे. ऑटोसेव्हचे बटण मात्र बंद होते, कारण ते चालण्यासाठी फाइल वनड्राइव्हसारख्या ऑनलाइन जागेत असावी लागते.

फाइल, मग इन्फो, तिथे मॅनेज प्रेझेंटेशन आणि त्यात ‘रिकव्हर अनसेव्ह्ड प्रेझेंटेशन्स’. समोर आलेल्या फोल्डरमध्ये एकच फाइल होती. ती उघडली आणि पहिली स्लाइड दिसली तेव्हा सिस्टरांनी माझा दंड घट्ट धरला. २१ पैकी १९ स्लाइड परत आल्या होत्या, शेवटच्या प्रतीनंतर केलेल्या दोन गेल्या होत्या. वर आलेल्या पट्टीत ही फाइल तात्पुरती ठेवलेली असल्याचे लिहिले होते आणि शेजारी ‘सेव्ह अ‍ॅज’ हे बटण होते. अनेक जण इथे हायसे वाटून थांबतात, म्हणून मी आधी त्या पट्टीकडेच बोट दाखवले.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “म्हणजे औषध दिलं, पण चार्टवर लिहिलंच नाही. पुढच्या पाळीच्या सिस्टरला ते दिलेलं नाही असंच वाटणार.” इतके नेमके उदाहरण मला वर्गात कधी सुचले नव्हते.

पुढचे सगळे त्यांनीच केले. सेव्ह अ‍ॅजच्या चौकटीत सर्वांत वर जागा दिसते, तिथे त्यांनी आधी डॉक्युमेंट्स निवडले आणि ती जागा मोठ्याने उच्चारली. जागा तोंडाने म्हणायला मी मुद्दामच लावले, कारण फाइल सापडत नाही अशी तक्रार येते तेव्हा बहुतेकदा ती हरवलेली नसते, ती कुठे ठेवली हे पाहिलेले नसते. नावाच्या रकान्यात पॉवरपॉइंटने पहिल्या स्लाइडचा मथळा आपणहून भरला होता. त्यांनी तो खोडून ‘हातांची स्वच्छता – नव्या परिचारिका’ असे लिहिले. सुरुवातीला त्या मध्ये तिरकी रेघ देत होत्या, पण विंडोजला फाइलच्या नावात ती चालत नाही. फाइलचा प्रकार म्हणून पॉवरपॉइंटमध्ये २००७ पासून रुळलेला पीपीटीएक्सच ठेवला. दुसऱ्या संगणकावर मराठी अक्षरांचा फॉन्ट नसला तर मजकूर बिघडू नये, म्हणून ऑप्शन्समध्ये जाऊन फाइलसोबत फॉन्ट जोडण्याची खूणही केली.

गेलेल्या दोन स्लाइड त्यांनी पुन्हा लिहिल्या. या वेळी प्रत्येक ओळ संपली की डावा हात सेव्ह करण्यासाठी कंट्रोल आणि एस या कळांवर जात होता, आणि खिडकीच्या माथ्यावर आता ‘प्रेझेंटेशन१’ऐवजी त्यांनी दिलेले नाव होते. सगळे झाल्यावर मी म्हटले, “आता बंद करा.”

त्यांचा हात माऊसवर थबकला. बाण फुलीपर्यंत गेला, मागे आला, पुन्हा गेला. शेवटी त्यांनी क्लिक केले आणि खिडकी नाहीशी झाली.

“त्याने काहीच विचारलं नाही,” त्या म्हणाल्या.

“विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.”

मग त्यांनी स्वतः डॉक्युमेंट्स उघडले, फाइलवर दोनदा क्लिक केले आणि डावीकडच्या पट्टीतल्या स्लाइड बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. एकविसावर पोहोचल्यावरच त्यांनी पेन ड्राइव्ह मागितला.